वरचे अडतीस

“मास्तर, शेवटचं विचारतो. संध्याकाळी येणार आहात की नाही?”

हुसेन मुजावर मास्तर चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गुडघे दुखतात.”

“टांगा आणलाय. पायथ्याशी उभा आहे.”

“टांगा पायथ्याशी. गुडघे इथं वर. मधल्या एकशे दहा पायऱ्यांचं काय?”

“उचलून नेतो!”

“कशाला? मी काय नवरदेव आहे?”

रंगनाथ नाडगौडाने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा, असं त्याला म्हणायचं होतं.

गणितात एम. ए., विद्यापीठाचं सुवर्णपदक, वय तेहेतीस. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस ही टेकडी चढून आला होता. दर्ग्याला लागून असलेल्या खोलीत लोकल बोर्डाच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहतात. येणाऱ्याला ते जप देत नाहीत, ताईत देत नाहीत. एक संख्या देतात आणि म्हणतात, हिची ओळख करून घे. एवढं त्याने ऐकलं होतं.

“सोपी देऊ नका,” तेव्हा तो म्हणाला होता. “मला पुरून उरेल अशी द्या.”

मास्तरांनी पाटीवर लिहून दिली: १००००७६००१४४३.

तेरा आकडे.

आज तो तिची ओळख करून घेऊन आला होता. सोबत चौदा जाडजूड वह्या, सात प्राध्यापकांच्या सह्यांचं प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. निष्कर्ष असा, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय तिला कुणीही निःशेष भागू शकत नाही.

संध्याकाळी पाच वाजता खाली गावात, नगर वाचनालयाच्या सभागृहात सत्कार होता. अध्यक्षस्थानी कुलगुरू. त्याच व्यासपीठावरून रंगनाथची प्रपाठकपदी नेमणूक जाहीर व्हायची होती. कुलगुरूंची अट एकच. ज्याने ही संख्या दिली, त्याचीही सही प्रमाणपत्रावर हवी.

कात्रण आमच्याच दैनिकाचं होतं. बातमी मी लिहिली होती. सातपैकी पाच प्राध्यापकांना मी भेटलो होतो आणि नेमकं काय तपासलंत, असं विचारलं होतं. पाचही जणांनी मला वह्यांची जाडी सांगितली. एकाने तर हाताने दाखवली. मोठमोठ्या पगारांची ही माणसं! आणि मी तरी काय केलं? जाडी छापली. पहिल्या पानावर.

टांगेवाला यल्लाप्पा वह्यांचं पोतं पाठीवर घेऊन धापा टाकत वर आला.

“सायेब, हे कुठं टाकू?”

“टाकू नका हो! ठेवा.”

“ठेवतो. पर ज्वारीच्या पोत्यापरास जड हाय. काय भरलंय काय?”

“भागाकार,” मास्तर म्हणाले.

यल्लाप्पा उंबऱ्यावर टेकला आणि टोपीने वारा घेऊ लागला.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो वाकडाच बसला.

“काय केलंस पाच वर्षं?”

“सांगितलं की पत्रात.”

“तोंडानं सांग.”

“भागलं. मूळ संख्यांनी. दोन, तीन, पाच, सात, अकरा… ओळीनं. एकही न सोडता. प्रत्येक भागाकार हातानं केलेला आणि दोनदा तपासलेला.”

“किती झाले?”

“अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव.”

“रोज किती?”

“त्रेचाळीस. तापानं फणफणलो तरी त्रेचाळीस. बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्रेचाळीस. पंगतीतून उठून गेलो होतो.”

“बहीण काय म्हणाली?”

“तिचा इथं काय संबंध?”

मास्तर वाट पाहत राहिले.

“…अजून बोलत नाही,” रंगनाथ म्हणाला.

“आणि शेवटच्या दिवशी? तेव्हाही त्रेचाळीस?”

“शेवटच्या दिवशी तेवीसच उरले होते.”

“मग राहिलेल्या वेळात काय केलंस?”

“जेवलो. आणि पेपरला पत्र लिहिलं.”

मास्तरांनी वाकड्या चष्म्यातून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खोलीतल्या माठाकडे पाहिलं.

“कुठवर भागायचं, हे कसं ठरवलंस?”

“मास्तर, साडेबारा वाजलेत! हे सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल.”

“मी सातवीलाच होतो तीस वर्षं. सांग.”

रंगनाथने दात आवळले. मग वर्गात उभं राहून बोलावं तसं एका सुरात म्हणाला, “वर्गमुळापर्यंत भागायचं. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर त्यातला धाकटा तिच्या वर्गमुळाच्या आतच असतो. दोघंही वर्गमुळाहून मोठे असते, तर त्यांचा गुणाकार त्या संख्येच्याच पुढं गेला असता. म्हणून वर्गमुळापर्यंत कुणी भागलं नाही, तर पुढं शोधायचं कारण नाही. झालं?”

“झालं. छान सांगितलंस. आता हिचं वर्गमूळ किती?”

“दहा लाख.”

“दहा लाख?”

“दहा लाख!”

“दहा लाखांचा वर्ग किती?”

“एकावर बारा शून्यं.”

मास्तरांनी कात्रण उचललं, नाकाजवळ धरलं आणि छापलेल्या संख्येवर बोट ठेवलं.

“हिच्यात मला सात दिसतो, सहा दिसतो. चार तर दोन आहेत.”

“थोडी जास्त आहे. म्हणून काय—”

“किती थोडी?”

“मास्तर, दहा लाख कुठं आणि हे वरचे चार दाणे कुठं!”

“किती थोडी, ते विचारलं.”

रंगनाथने घड्याळात पाहिलं.

“चार पत्रं घातली मी तुला. दर उरुसाला एक. मिळाली?”

“मिळाली.”

“काय होतं त्यात?”

रंगनाथ लाल झाला. “एकच ओळ होती. चारही पत्रांत तीच. वर्गमूळ नीट काढ.”

“मग?”

“मग काय? मास्तर, मी सुवर्णपदक घेतलेला माणूस! आणि मला कार्डावर लिहून कळवता की वर्गमूळ नीट काढ! मला वाटलं, तुमचं आता वय झालं.”

“वय झालंच आहे. वर्गमूळ काढलंस का?”

दर्ग्याच्या घुमटावर पारवे घुमत होते.

“दहा लाखांवर का थांबलास?” मास्तरांनी आवाज खाली आणला. “खरं सांग. वर्गमुळासाठी थांबलास, की आणखी कशासाठी?”

रंगनाथने पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. मूळ संख्यांचं कोष्टक. पानं हाताळून तेलकट झालेली, पुठ्ठा दोनदा शिवलेला. त्याने शेवटचं पान उघडून मास्तरांपुढे धरलं.

“यात दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आहेत. ही शेवटची. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. हिनंही भागलं. बाकी उरली. आणि…”

“आणि पुस्तक संपलं.”

“हो.”

“खाली ‘समाप्त’ छापलंय.”

“हो.”

“पुस्तक संपलं, म्हणून तू संख्याही संपवलीस.” मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे, सात प्राध्यापक! एकालाही सुचलं नाही?”

“त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.”

“वह्यांवर ठेवला. पाटी घे.”

“मास्तर, मला आता परीक्षा द्यायची नाही. तुम्ही सही करता की नाही, एवढं—”

“पाटी घे रे!”

पारवे उडाले. यल्लाप्पाने टोपी डोक्यावर घातली.

रंगनाथने पाटी घेतली. पाच वर्षांपूर्वीची तीच, एका कोपऱ्यात चीर गेलेली. मास्तरांच्या सांगण्याची वाट न पाहता त्याने संख्या लिहिली. ती त्याला पाठ होती. झोपेतही लिहिली असती.

१००००७६००१४४३.

मास्तरांनी अंगठा जिभेला लावला आणि शेवटचा तीन पुसला. तिथे चार लिहिला.

“एक मिळवला. आता काढ.”

“ही माझी संख्याच नाही.”

“तुझ्या शेजारची आहे. शेजाऱ्याकडं कधी जात नाहीस, हे ठाऊक आहे मला. काढ.”

रंगनाथने उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडल्या. शाळेत शिकवतात तशा. वर एक लिहिला. मग शून्य. पुन्हा शून्य. चार शून्यं झाली. मग तीन आला. त्याचा हात जरा थांबला. मग आठ.

खाली वजाबाकी केली… आणि तो पाटीकडे पाहतच राहिला.

“किती?”

“दहा लाख अडतीस.”

“बाकी?”

रंगनाथने वजाबाकीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“बाकी किती, रंगनाथ?”

“शून्य.”

“म्हणजे ही शेजारीण पूर्ण वर्ग निघाली. मग तुझी संख्या कोण?”

“त्या वर्गातून… एक वजा.”

एक हासुद्धा एकाचा वर्गच असतो. आणि एका वर्गातून दुसरा वर्ग वजा केला, की त्या दोन संख्यांची वजाबाकी आणि त्यांची बेरीज यांचा गुणाकार मिळतो. आठवीच्या बीजगणितात हे पहिल्या वीस पानांत असतं. रंगनाथने कॉलेजच्या शेकडो मुलांच्या वह्यांमध्ये हे लाल शाईने दुरुस्त केलं होतं.

त्याच्या हाताने पाटीवर आपोआप लिहिलं: १०,००,०३७ × १०,००,०३९.

पाच वर्षांची मूळ संख्या दोन तुकडे होऊन पाटीवर पडली होती. तिचा धाकटा अवयव पुस्तकाच्या ‘समाप्त’पासून चोपन्न पावलांवर बसलेला होता.

“जमलं का सायेब?” यल्लाप्पाने विचारलं.

“जमलं,” मास्तर म्हणाले.

रंगनाथ ताडकन उठला. “तुम्हाला माहीत होतं!”

“माहीत कसं नसेल? मीच बनवली. दोन संख्या गुणल्या आणि तुला दिली.”

“आणि मला पाच वर्षं कुजवलंत?”

“पुरून उरेल अशी मागितलीस. मी आपली अर्ध्या तासाची दिली होती. पाच वर्षं तू घातलीस.”

“सांगायचं होतं!”

“चार वेळा सांगितलं. पंधरा पैशाचं कार्ड म्हणून वाचलं नाहीस. प्राध्यापकाच्या लेटरहेडवर असतं तर वाचलं असतंस.”

“अहो, पण सरळ लिहायचं की अवयव पडतात म्हणून!”

“मग ती ओळख तुझी कशी झाली असती?”

रंगनाथ खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खोली चार पावलांची. चार पावलं, वळण, चार पावलं. पोत्याची ठेच लागली तसा तो थांबला. त्याची नजर प्रमाणपत्रावर गेली.

“मास्तर…” आता त्याचा आवाज अगदी वेगळा होता. “हे इथं तिघांनाच माहीत आहे.”

“चौघास्नी,” यल्लाप्पा म्हणाला. “मला काय कळलं न्हाई. पर कायतरी इस्कटलंय, एवढं कळलं.”

“ते सात जण पुन्हा वही उघडणार नाहीत. कुलगुरू वाणिज्य शाखेचे आहेत.” रंगनाथ मास्तरांसमोर उकिडवा बसला. “माझी रजा संपली. कॉलेजनं माझ्या जागी दुसरा घेतला. ही नेमणूक गेली तर मला कुणी दारात उभं करणार नाही, मास्तर. पाच वर्षं काय केलं, असं विचारतील. काय सांगू?”

मास्तरांनी हात पुढे केला.

“काय?”

“कागद दे. तुला सहीच हवी होती ना?”

त्यांनी प्रमाणपत्र मांडीवर घेतलं. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. ओठ हलवत. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सात सह्यांच्या खाली आठवी केली. हु. दा. मुजावर. सावकाश, कित्ता गिरवावा तशी.

रंगनाथचा विश्वास बसेना. “हे खोटं आहे, हे आत्ताच दाखवलंत. आणि त्यावर सही करता?”

“त्या सात जणांनी न बघता केली. मी बघून केली. माझी जरा बरी.”

त्यांनी कागद चटईवर ठेवला, वारा येतो म्हणून त्यावर एक गोटा ठेवला, आणि चहाचं भांडं शोधायला लागले.

“जा आता. पाचला सभा आहे तुझी.”

रंगनाथ गेला नाही.

तो त्या कागदाकडे पाहत होता. मला वाटलं उचलेल. मी उचलला असता, आणि संध्याकाळच्या सभेची बातमीही बिनदिक्कत लिहिली असती. आमच्या धंद्यात सह्या असल्या की पुरतं.

त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि चौदावी वही ओढून काढली.

शेवटच्या पानावर, शेवटच्या भागाकाराखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. त्याखाली अर्धं पान कोरं होतं. तो भिंतीला टेकून बसला आणि पेनचं टोपण काढलं.

दहा लाखांपासून दहा लाख अडतीसपर्यंत मूळ संख्या किती आणि कोणत्या, हे पुस्तकात नव्हतं. पहिल्यांदाच त्याला ते पुस्तकाशिवाय शोधावं लागलं. एकेक संख्या घ्यायची, लहान मूळ संख्यांनी भागायची, खोडायची. दीड-दोन तास गेले. मध्ये चहा झाला. त्याचा कप तसाच निवला.

“सायेब, घोडं उन्हात हाय,” यल्लाप्पा दोनदा म्हणाला.

“सावलीत बांधून ये,” मास्तर म्हणाले. “हा आत्ता कुठं आलाय.”

शेवटी रंगनाथने मान वर केली.

“तीन आहेत.”

“कर मग.”

“उत्तर तर ठाऊक आहे. पहिल्या दोहोंनी भागणार नाही.”

“ठाऊक कुणाला? वहीला?”

रंगनाथने भागलं. दहा लाख तीन. बाकी बाराशे चोवीस. दोनदा तपासलं. दहा लाख तेहेतीस. बाकी चोवीस. दोनदा तपासलं. दहा लाख सदतीस…

ते शून्य त्याने फार सावकाश काढलं.

मास्तर वहीत डोकावले.

“शेवटच्या दिवशीचे तेवीस आणि हे तीन. सव्वीस.” ते थांबले. “त्रेचाळिसात बसत होते रे.”

रंगनाथला आधी हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुसतच राहिला. यल्लाप्पा दुसरीकडे पाहू लागला.

सव्वाचार झाले होते.

“सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्यात,” रंगनाथ म्हणाला. “काय बोलू तिथं?”

“शेवटचं पान वाच.”

“हसतील.”

“हसू दे की.”

“कुलगुरू उठून जातील.”

“त्यांना कुठं जायचं असेल तर जाऊ दे.”

“आणि नेमणूक?”

मास्तरांनी कप विसळले.

रंगनाथ उठला. चौदावी वही काखेत घेतली आणि वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. पाच वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याने नुसता हात जोडून नमस्कार केला होता, असं मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

“सायेब, त्यो कागद ऱ्हायला,” यल्लाप्पा म्हणाला.

“राहू दे.”

“आन हे पोतं?”

“ते घ्या. त्यात काही चूक नाही.”

“म्हंजे पुन्यांदा खाली?” यल्लाप्पाने आभाळाकडे पाहिलं. “आरं देवा! मग वर कशाला आणलं हुतं?”

पोतं पाठीवर चढलं. आम्ही तिघे पायऱ्या उतरू लागलो. रंगनाथ पुढे, मान खाली. मधूनच तो काहीतरी पुटपुटत होता. बहुधा पहिलं वाक्य जुळवत होता.

वीसेक पायऱ्या झाल्या असतील.

“रंगनाथ!”

आम्ही वळून पाहिलं. मास्तर उंबऱ्याबाहेर आले होते. एका हाताने दाराची चौकट धरली होती आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्यातली काठी चाचपत होते.

“काय मास्तर?”

“दोनशे खुर्च्या म्हणालास ना?”

“हो. दोनशे.”

“एक वाढव.”